जुन्या फोटोतलं नेव्हीचं फायटर जेट ओळखताय? या चुका टाळा

जुन्या बाजारात किंवा घरातल्या ट्रंकेत जेटचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो सापडला की पुण्यात पहिला अंदाज ठरलेला, लोहगावचं असणार, एअरफोर्सचं. इथेच पहिली चूक होते. आधी फोटो चांगला स्कॅन करा आणि विमानाच्या मागच्या भागावरचा छोटा नंबर मोठा करून बघा, आपल्या नेव्हीच्या नंबरात सुरुवातीला आयएन असतं. एअरफोर्सचं हंटर आणि नेव्हीचं सी हॉक ही दोन्ही जेट हॉकर कंपनीची म्हणून लोक गोंधळतात, पण सी हॉकचे पंख सरळ आहेत, हंटरचे मागे झुकलेले, आणि सी हॉकचा एक्झॉस्ट शेपटीतून न निघता पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी निघतो.

बरं, सी हॉक म्हणजे आपलाच असंही नाही हं. ब्रिटन, हॉलंड, पश्चिम जर्मनी सगळ्यांकडे होतं, आणि आपण काही विमानं तर जर्मनीकडूनच घेतली. विमानावर देशाची खूण म्हणून रंगीत गोल असतो, पण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये आपला आणि ब्रिटिशांचा गोल पटकन वेगळा कळत नाही, त्यामुळे नुसत्या गोलावर निकाल देऊ नका.

सगळ्यात जास्त फसवतं ते स्क्वाड्रनचं, म्हणजे विमानांच्या तुकडीचं चित्र. पांढरा वाघ दिसला की लोक सी हॅरियर लिहून मोकळे होतात, पण वाघाचं चित्र असलेली आपल्या नेव्हीची ३०० स्क्वाड्रन १९६० साली सी हॉकवर सुरू झाली, सी हॅरियर १९८३ ला आलं आणि नंतर हाच वाघ मिग-२९के वर गेला. अमेरिकेत कवटी आणि हाडांचं तेच. तिथल्या नेव्हीची व्हीएफ-८४ ही स्क्वाड्रन, टोपणनाव जॉली रॉजर्स, १९९५ ला बंद झाली आणि व्हीएफ-१०३ या दुसऱ्या स्क्वाड्रनने ते नाव आणि कवटी घेतली, दोघांकडेही एफ-१४ जेट, म्हणजे विमानाचं मॉडेल ओळखूनही स्क्वाड्रन पक्की होत नाही! चित्र स्क्वाड्रनचं असतं आणि ते पुढे जातं, छोटा नंबर मात्र त्या एका विमानाचा असतो, म्हणून माझं म्हणणं कायम हेच की सुरुवात छोट्या नंबरापासून करा.

अमेरिकन जेटच्या नाकावरचा मोठा नंबर, समजा १०२, हा त्या विमानाचा कायमचा नंबर नाही. तो एअर विंगमधल्या, म्हणजे एका जहाजावरच्या सगळ्या स्क्वाड्रनच्या गटातल्या जागेचा असतो, १०० पासूनचे एका स्क्वाड्रनचे, २०० पासूनचे दुसऱ्या, आणि विमान बदललं की तोच नंबर दुसऱ्यावर. कायमचा तो ब्युरो नंबर, मागे बारीक अक्षरात.

अमेरिकन नेव्हीच्या शेपटीवरच्या दोन अक्षरांत १९५७ पासून पहिलं ए म्हणजे अटलांटिक फ्लीट, एन म्हणजे पॅसिफिक. पण यावरून फोटो कुठे काढला हे ठरवू नका. १९६७ ला फॉरेस्टल हे विमानवाहू जहाज व्हिएतनामजवळच्या समुद्रात होतं तेव्हा त्याच्या विमानांवर एए कोड होता, तो अटलांटिकचा.

फोटो उलटा, म्हणजे डावं-उजवं बदलून छापलाय का हे आधी तपासा, निगेटिव्ह उलटी ठेवली गेली की सगळंच चुकतं. अक्षरं वाचता येत नसतील तर अमेरिकन विमानात तारा बघा, वरून तो फक्त डाव्या पंखावर असतो आणि खालून फक्त उजव्या. ताऱ्याच्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्यांत लाल रेघ असेल तर फोटो १९४७ किंवा नंतरचा. आख्खं विमान गडद निळं असेल तर साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचं धरा, त्यानंतर वर करडा आणि खाली पांढरा रंग आला.

फोटोच्या पाठीमागे लिहिलेलंही जपून वाचा. एफ८यू आणि एफ-८ ही दोन विमानं नाहीत, एकच क्रुसेडर आहे, १९६२ मध्ये नावं बदलली. पाठीमागे एफ-८ असेल तर ते लिखाण १९६२ नंतरचं, फोटो त्याच्या आधीचा असू शकतो. छोटा नंबर वाचताच येत नसेल तर मॉडेल आणि अंदाजे वर्षं एवढंच लिहा, स्क्वाड्रनपुढे बहुतेक असं लिहून ठेवा.