मॅसॅच्युसेट्समधली फेडरल कोर्टं पायी कशी बघावीत

उभी नोकरी साताऱ्याच्या जिल्हा कोर्टात काढली, शेवटची वर्षं शिरस्तेदार म्हणून. त्यामुळे लेकीकडे, अमेरिकेत वूस्टरशेजारच्या श्रूजबरीला, आलो की बाकीचे आई-बाबा नायगाराला जातात आणि मी कोर्टं बघत हिंडतो. ही खोड ज्यांना आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

आधी राज्याचं कोर्ट आणि फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कोर्ट वेगळं काढा. बॉस्टनच्या पेंबर्टन स्क्वेअरमधली ती भव्य जॉन ॲडम्स कोर्टहाउस राज्याची आहे. तिथे फोटो काढून ‘फेडरल बघितलं’ म्हणू नका. फेडरल जिल्हा न्यायालय आज तीन गावांत बसतं: बॉस्टन, वूस्टर आणि स्प्रिंगफील्ड. पूर्वी कुठल्या इमारतीत, कुठल्या सालांत बसायचं हे फेडरल ज्युडिशियल सेंटर या फेडरल न्यायालयांच्याच संशोधन संस्थेच्या साइटवर राज्यवार मिळतं. ती यादी घरूनच कागदावर उतरवून न्या.

सुरुवात जिथे आता काहीच दिसत नाही तिथून करा. पार्क स्ट्रीट स्टेशनला उतरून ट्रेमाँट स्ट्रीटने टेंपल प्लेसच्या कोपऱ्यावर या. इथे १८३२ मध्ये बांधलेलं फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाचं मंदिर होतं. १८५८ मध्ये सरकारने ते घेऊन त्यात कोर्ट बसवलं. १८८५ च्या सुमारास कोर्ट हललं आणि जागा कापडचोपडाच्या दुकानाकडे गेली. आज दिसते ती विसाव्या शतकातली इमारत. दोन मिनिटं बस्स.

तिथून चालत पोस्ट ऑफिस स्क्वेअर. इथे मात्र वेळ काढा. जुन्या काळी फेडरल सरकारचं गावातलं सगळं एकाच छताखाली असे: खाली पोस्ट, वर कोर्ट. इथलं आधीचं दगडी पोस्ट १९२९ मध्ये पाडलं आणि त्याच जागी १९३३ पर्यंत बावीस मजली नवं उभं राहिलं. आज त्याला जॉन मॅकॉर्मॅक यांचं नाव आहे; ते अमेरिकी लोकप्रतिनिधी सभेचे सभापती होते. अशी जुनी इमारत वाचायची एक रीत सांगतो. आधी कोनशिला शोधा. एकोणीसशे वीस-तीसच्या दशकांतल्या सरकारी इमारतींवर जेम्स ए. वेटमोर हे नाव वारंवार भेटतं, हुद्दा ‘कार्यवाहक’ पर्यवेक्षक वास्तुविशारद. गंमत अशी की हे गृहस्थ वकील होते, वास्तुविशारद नव्हेच, आणि ‘कार्यवाहक’ म्हणूनच त्यांनी जवळपास दोन दशकं काढली. आमच्याकडे ‘प्रभारी’ म्हणून निवृत्त झालेले पुष्कळ पाहिलेत, पण हा त्या सगळ्यांचा बाप! मग मान वर करा आणि खिडक्यांची उंची बघा. लहान गावातल्या दोन-तीन मजली पोस्टात ज्या मजल्याच्या खिडक्या एकदम उंच होतात, तिथे बहुधा कोर्टरूम असते.

आता खाडी ओलांडून सीपोर्टला. जुना नॉर्दर्न ॲव्हेन्यू पूल २०१४ पासून बंद आहे, म्हणून सीपोर्ट बुलेव्हार्डने जा. त्या पुलाला एव्हलिन मोकली यांचं नाव आहे आणि पलीकडच्या कोर्टाला त्यांचे पती, काँग्रेसमन जो मोकली यांचं. बायकोच्या पुलावरून नवऱ्याच्या कोर्टात! चालवत नसेल तर सिल्व्हर लाइनचं ‘कोर्टहाउस’ स्टेशन आहे. हे कोर्ट १९९८ चं, वास्तुविशारद हेन्री कॉब. शहराकडून नुसती विटांची भिंत दिसते, समुद्राच्या बाजूला मात्र अख्खी काच. आत गेल्यावर कळतं की ती काच पक्षकार आणि लोक थांबतात त्या सज्ज्यांना आहे. साताऱ्यात व्हरांड्यात उकिडवे बसून पुकाऱ्याची वाट बघणारे पक्षकार मला इथे आठवले. हा एक निर्णय मला सगळ्या इमारतीत थोर वाटतो. नियोजनात दोन न्यायाधीशांनी जातीने लक्ष घातलं होतं, वुडलॉक आणि ब्रायर. ब्रायर पुढे सुप्रीम कोर्टात गेले.

आत जाताना पासपोर्ट जवळ ठेवा, खिशात चाकू-कात्री नको. फोनचे नियम कोर्टाच्या साइटवर आधी वाचा. फौजदारी खटल्याच्या कोर्टरूममध्ये फोटोला फेडरल नियमानेच मनाई आहे. दिवसाचा बोर्डही, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, तिथेच लागतो. सुनावणी खुली असते, कुणाची परवानगी लागत नाही. मागच्या बाकावर गप्प बसायचं आणि न्यायाधीश आले की उठायचं. दार ढकलायला संकोच करू नका.

वूस्टरला साउथ स्टेशनहून लोकल जाते. मेन स्ट्रीटवरची १९३२ ची डोनह्यू इमारत बेताची आहे, पण तिथे कोर्ट अजून नांदतं आहे. श्रूजबरीकरांनी मुद्दाम चक्कर मारावी, बाकीच्यांनी स्प्रिंगफील्डला जाताना.

स्प्रिंगफील्ड मात्र चुकवू नका. स्टेट स्ट्रीटवरचं हे कोर्ट २००८ चं, वास्तुविशारद मोशे सफदी. जागेवरची जुनी झाडं न तोडता इमारतच त्यांच्याभोवती वळवत नेली आहे. आत चित्रकार सोल लेविट यांचं भित्तिचित्र आहे. पानं असताना, म्हणजे मे ते ऑक्टोबर जा. कोर्ट शनिवार-रविवारी बंद, तेव्हा लेकीची सुट्टी बघून बेत आखू नका. बॉस्टनहून रेल्वे अगदी मोजक्या, बस जास्त सोयीची. वेळ उरला तर त्याच रस्त्याला जुना शस्त्रकारखाना आहे, तोही बघून घ्या.