मेंढ्यांचा खोकला आणि न्यूमोनिया कशाने थांबला : माझा अनुभव

साक्री तालुक्यातील आमच्या कळपात थंडीच्या दिवसांत मेंढ्या खोकू लागल्या, नाकातून घट्ट पिवळसर शेंबूड येऊ लागला, भाता चालावा तशा कुशी उडू लागल्या आणि ताप १०५ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला (निरोगी मेंढीचे तापमान साधारण १०२ ते १०३.५ असते). जंतनाशक पाजले, खोकल्याची पावडर दिली, एकेक इंजेक्शनही झाले. तेवढ्यापुरते बरे वाटून कोकरे पुन्हा चारा सोडत. वैताग आला होता.

उपयोग झाला तो असा. मेलेल्या कोकराचे शवविच्छेदन करवून घेतले. फुफ्फुसाचा पुढचा-खालचा भाग गडद लाल, घट्ट झाला होता व त्याचा तुकडा पाण्यात बुडत होता, यावरून पशुवैद्यकांनी जिवाणूजन्य न्यूमोनिया ठरवला. आजारी जनावरे वेगळी काढली. पशुवैद्यकांनी प्रत्येकीचे वजन करून दीर्घकाळ टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक किलोमागे २० मिलिग्रॅम या मात्रेने मानेच्या स्नायूत दिले आणि, खरी मेख येथेच होती, तब्येत सुधारलेली दिसूनही ७२ तासांनी दुसरी मात्रा दिली. त्याच दिवशी वाड्याची ताडपत्री मेंढीच्या उंचीच्या वर कापून हवेला वाट केली आणि ओल्या लेंड्या काढून कोरडा भुसा पसरला, कारण मूत्रातून उठणारा अमोनिया श्वासनलिकेचे नैसर्गिक संरक्षण दुबळे करतो. हा वास उभ्याने कळत नाही. उकिडवे बसून, मेंढीच्या नाकाच्या उंचीवर घ्यावा.