क्लच दाबला की किरकिर: माझा अनुभव

गोव्याहून चोर्ला घाट चढून जांबोटीला पोचेतोवर गाडीतून घरघर यायला लागली. पहिल्या गॅरेजवाल्यानं नीट न ऐकताच 'गिअरबॉक्स खोलायला लागतोय' म्हणून सांगितलं. मन मानेना. बेळगावात घरी आल्यावर हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला ठेवली आणि इंजिन चालू ठेवून नुसता क्लच दाबत-सोडत कान देऊन ऐकलं. दाबला की किरकिर, सोडला की गप्प. म्हणजे रिलीज बेअरिंग, क्लच दाबला की त्याचा भार घेणारं बेअरिंग, खराब! याच्या उलट झालं असतं, तर इनपुट शाफ्टच्या (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये नेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर संशय घेतला असता.

उद्यमबागेतल्या मेस्त्रीमामांनी गिअरबॉक्स फक्त उतरवला, खोलला नाही. बेअरिंग कोरडं ठणठणीत. क्लच प्लेटही झिजलेली, म्हणून पूर्ण सेटच बदलला. उतरवायची मजुरी दोनदा कशाला? घाटात क्लचवर पाय टेकवून ठेवून हे सगळं झिजवायची सवय मात्र माझीच होती, तीही सोडली.