खान्देशातील विद्यार्थ्यांनी पशुवैद्यकीय पदविकेचा अभ्यास कसा करावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील ज्या विद्यार्थ्याला जनावरांच्या दवाखान्यात काम करायचे आहे, त्याने प्रथम पदवी आणि पदविका यांतील फरक नीट समजून घ्यावा. पशुवैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा असून त्याचा प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो. पशुधन पर्यवेक्षकासारख्या कामाकडे नेणारी पदविका मात्र नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या संस्थांमध्ये शिकवली जाते. या पदविकेचे नियम बदलत आले आहेत. त्यामुळे आधी शिकून गेलेल्यांच्या सांगण्यावर विसंबू नये. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी आणि संस्थेचे नाव विद्यापीठाच्या यादीत आहे याची शुल्क भरण्यापूर्वीच खात्री करून घ्यावी.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ मधील कलम ३० पहिल्याच सत्रात वाचावे. राज्य शासनाने परवानगी दिलेल्या पदविकाधारकाला लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देता येतात, पण त्या नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनानुसार द्याव्या लागतात. ही मर्यादा कमीपणाची नव्हे. पाऊस ओढल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे फुटवे खाऊन बैल विषबाधेने कोसळतो, तेव्हा त्याचे प्राण शिरेतून वेळेवर दिलेल्या औषधाने वाचतात आणि ते देणे डॉक्टरांचे काम असते. अशा वेळी बैलाने काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले आणि श्वास कसा चालला आहे हे फोनवर चार वाक्यांत अचूक सांगू शकणारा साहाय्यक उपचाराचा अर्धा मार्ग मोकळा करतो. म्हणून अभ्यासाचा सर्वाधिक वेळ निरीक्षणाला द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

त्याची सुरुवात निरोगी जनावरापासून करावी. गाय साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट तापमानाची असते, शेळीचे तापमान त्याहून थोडे अधिक असते. परंतु हे आकडे पाठ करून भागत नाही. घरच्या गोठ्यात सकाळी आणि भर दुपारी तापमान मोजून पाहावे, कारण मे महिन्यात पत्र्याखाली बांधलेल्या म्हशीचे तापमान उन्हानेही वाढते आणि तो आजाराचा ताप समजला जाण्याचा धोका असतो. डाव्या कुशीवर मूठ दाबून पोटाची हालचाल जाणून घ्यावी, रवंथ, शेण, नाकपुडीचा ओलावा आणि कासेची ऊब पाहावी. जनावर खोड्यात घेण्याची आणि शेळी धरण्याची पद्धत अनुभवी माणसाशेजारी उभे राहूनच शिकावी.

लसीकरणाचा धडा खान्देशाला वेगळा शिकवण्याची गरज नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राज्यातील त्या वर्षीच्या लम्पी साथीची सुरुवात जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील चिनावल येथून झाली आणि त्यानंतर गोवंशाला शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. तालुक्याच्या ठिकाणाहून सातपुड्यातील पाड्यापर्यंत उन्हात प्रवास करताना ही शीतसाखळी तुटली, तर टोचलेली लस निरुपयोगी ठरू शकते. प्रत्येक जनावराला नवी सुई वापरण्याची सवय प्रात्यक्षिकातच लावून घ्यावी.

गाई-म्हशींच्या घरातील मुले कुक्कुटपालनाचा विषय हलका मानतात, हे योग्य नाही. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरलाच झाला होता. पक्षी हाताळताना मुखपट्टी आणि गर्भपात झालेल्या गाईचा जार हाताळताना लांब हातमोजे वापरावेत, कारण अशा जारातून ब्रुसेलोसिस हा संसर्गजन्य आजार माणसालाही होतो. श्वानदंशप्रतिबंधक लस कामाला लागण्यापूर्वीच घेण्याबाबत डॉक्टरांना विचारावे.

सुट्टीत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांची परवानगी घेऊन त्यांच्यासोबत गावोगाव फिरावे. पशुपालक अहिराणीत जे सांगेल ते मध्येच न तोडता ऐकावे, घरातील बाईलाही विचारावे, कारण धार बहुधा तीच काढते आणि दूध कमी झाल्याचे तिला आधी कळते. रोजच्या वहीत जनावराचे वय, वेत, चारा, तापमान, लक्षणे आणि डॉक्टरांचे निदान लिहावे. दुसऱ्या दिवशी त्या घरी फोन करून जनावराने चारा खाल्ला का, हे विचारून त्याच पानावर नोंदवावे.