झडीच्या दिवसांत मुलांसाठी घरगुती पर्जन्यमापक

जुलैमध्ये कोल्हापुरात पावसाची झड लागली, पंचगंगा पात्राबाहेर आली आणि शाळांना सुट्टी मिळाली की लहान मुलांना दिवसभर घरात कसे रमवावे, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. अशा वेळी त्यांच्याकडून पर्जन्यमापक करून घ्यावा. सरळ बाजूंच्या प्लास्टिकच्या बाटलीचा निमुळता भाग मोठ्यांनी कापावा आणि टोपण काढून तोच नरसाळ्यासारखा उलटा बसवावा. तळाशी खडे घालून बाटलीच्या सरळ भागापर्यंत पाणी ओतावे, तेथे शून्याची खूण करावी व त्यावर मोजपट्टी चिकटवावी. बाटली गच्चीवर, पागोळ्यांपासून दूर ठेवावी. रोज सकाळी ठरावीक वेळी मुलाने पातळी वाचावी (एक सेंटिमीटर म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस), आकडा कॅलेंडरवर लिहावा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणावे. हे ओतण्याचे काम मुलांना मोजण्याहूनही अधिक आवडते.

कॅलेंडरच्या त्याच चौकटीत पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लिहिली, तर खेळाला खरी रंगत येते. तेथे इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. शहरात उघडीप असतानाही नदी का चढते, असे मुलाने विचारल्यास नकाशावर राधानगरी आणि गगनबावडा दाखवून तिकडच्या डोंगरांतील पाऊस नद्यांवाटे येथे पोहोचतो, हे बोट फिरवून समजावावे.

दुपारसाठी शाडू भिजवून बेंदराच्या सणासारखे मातीचे बैल करायला द्यावेत. पाय जाड ठेवायला सांगावे, अन्यथा वाळताना ते मोडतात आणि रडारड होते.