रॅमचा वेग आणि टायमिंग: कसे वाचावे, तपासावे आणि जुळवावे

पुण्याच्या तपकीर गल्लीत रॅम घेताना बहुतेक जण किती जीबी आणि किती मेगाहर्ट्झ एवढेच विचारतात. पाकिटावरच्या १६-१८-१८-३८ अशा टायमिंगकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. खरेदीआधी हे आकडे एकत्र वाचावेत. ३२०० वेगाची रॅम सेकंदाला ३२० कोटी वेळा डेटा पाठवू शकते आणि दर वेळी ८ बाइट जातात, म्हणून एका चॅनेलवर (प्रोसेसर आणि रॅममधल्या डेटाच्या एका मार्गावर) सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी मिळतात. टायमिंगमधला पहिला आकडा, म्हणजे सीएल, मेमरीतली हवी ती ओळ आधीच उघडी असताना मागणीपासून डेटा येईपर्यंत किती क्लॉक सायकल (रॅमच्या घड्याळाचे ठोके) जातात ते सांगतो. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की हा विलंब नॅनोसेकंदांत कळतो. डीडीआर४ (रॅमची आधीची पिढी) ३२०० सीएल १६ चे उत्तर १० येते आणि डीडीआर५ (त्यानंतरची पिढी) ६००० सीएल ३० चेही १०च. त्यामुळे नुसता सीएल पाहून रॅम संथ ठरवू नये. ६००० सीएल ४० मात्र १३.३ वर जाते.

नवी रॅम घेण्याआधी घरातली रॅम पूर्ण वेगाने चालते आहे का, ते पाहावे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडल्यावर वेग दिसतो. सीपीयू-झेड या संगणकाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ३२०० च्या रॅमला १६०० दिसले तर घाबरू नये. तिथे क्लॉक दिसतो आणि डीडीआर प्रत्येक सायकलमध्ये दोनदा डेटा पाठवते. टास्क मॅनेजरमध्येच ३२०० ऐवजी २१३३ किंवा २६६६ दिसले, तर रॅम बहुधा मूळ सुरक्षित सेटिंगवर चालत आहे. असे संगणक फार आढळतात आणि पैसे मोजून घेतलेला वेग तसाच पडून राहतो.

संगणक बंद करून, प्लग काढून, रॅमच्या स्टिक (पट्ट्या) मदरबोर्डच्या कोणत्या स्लॉटमध्ये (खाचेत) आहेत ते पाहावे. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन स्टिक बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये लावतात, तरी मॅन्युअल पाहावेच. दोन चॅनेल मिळाल्यावर मार्ग दुप्पट रुंद होतो. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो.

मग महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घेऊन बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करावी. डीडीआर५ असेल तर त्यानंतर स्क्रीन काही मिनिटे काळी राहू शकते, कारण मदरबोर्ड मेमरीची जुळवणी करत असतो. त्या वेळी वीज तोडू नये. संगणक सुरूच झाला नाही, तर मॅन्युअलप्रमाणे सीमॉस रीसेट करावा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणावी. सुरू झाला तरी रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवावा आणि एकही चूक आली तर वेग कमी करावा, कारण चुकणारी रॅम फाइली नकळत बिघडवते. बहुतेक लॅपटॉपमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पोची सोयच नसते.

८ जीबी रॅम सतत भरत असेल, तर आधी क्षमता वाढवावी. रॅम भरल्यावर विंडोज एसएसडीचा आधार घेते, आणि तिथला विलंब नॅनोसेकंदांत नव्हे, मायक्रोसेकंदांत मोजावा लागतो.