आजोबांचा रेझर पुन्हा वापरात आणताना

ट्रंकेत सापडलेला दुधारी ब्लेडचा जुना रेझर सहसा बिघडलेला नसतो, साबण साचून जाम झालेला असतो. दांडी फिरत नसेल तर पक्कड लावू नका, आटे जातील. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब घालून अर्धा तास बुडवा, मग मऊ टूथब्रशने आटे घासा. उकळतं पाणी आणि व्हिनेगर नको. पितळेवरचा जुना मुलामा त्याने खराब होतो, आणि एकदा गेलेला मुलामा घरी परत येत नाही.

ब्लेड बसवल्यावर समोर धरून पाहा: दोन्हीकडे धार सारखीच बाहेर दिसायला हवी. एकीकडे जास्त दिसली तर दांडी सैल करा, ब्लेड आखूड टोकांना धरून सरळ करा, पुन्हा आवळा. तिरकं ब्लेड हमखास कापतं.

आता कोन. आधी रेझरची टोपी (ब्लेडवरचं झाकण) गालाला टेकवा, दांडी आडवी. मग दांडी हळूहळू खाली आणा. केस कापल्याची खरखर ऐकू आली की थांबा, तोच कोन. दाब अजिबात नको, रेझरचं वजन पुरतं. कार्ट्रिजची (डोकंच बदलायच्या आधुनिक रेझरची) सवय असलेला हात नकळत दाबतो आणि हनुवटीवर रक्त येतं. शेवटी ओली तुरटी फिरवून अर्ध्या मिनिटाने गार पाण्याने धुवा.